पास्कूची कुत्री, अलीनाची कुत्री

पास्कू गेला त्याच्या आदल्या रविवारी मी त्याला शेवटची भेटले. कॅनडात, किचनरच्या त्याच्या घरामागे डेकवर, ऑगस्टच्या कडक उन्हात, तो गोधडी पांघरून बसला होता. माझ्या पाठीवरून घामाच्या धारा वाहत होत्या आणि ह्याला थंडी वाजत होती. पायाशी टॉफी. टॉफी म्हणजे त्यांची कुत्री, चॉकलेटी रंगाची, अंगाने लॅब्रडॉर पण कान भलत्याच कुठल्यातरी जातीचे, गळ्यात लाल पट्टा आणि पट्ट्याला एक घुंगरू. मी वॉनहून येताना पेज आणली होती आणि डॉक्टरांनी नको सांगितलेली सुक्या बोंबलाची चटणी. दोन घास खाल्ले, डबा बाजूला सारला आणि म्हणाला, "बाय, तुझ्याकडे एक काम आहे." आमच्या घरात थोरल्या बहिणीला बाय म्हणतात, आणि पन्नाशी उलटली तरी हा मला अशी हाक मारायचा, जसं मी अजून त्याचं दप्तर धरून शाळेच्या दारात उभी आहे. मला वाटलं, बायकोबद्दल काही सांगेल, लुर्दसबद्दल. तर म्हणाला, "मी गेल्यावर टॉफी अलीनाची राहिली पाहिजे. तेवढं बघ." अलीना त्याची मुलगी, सतरा वर्षांची. मी चिडलेच. "मेल्या, माणसांचं काही बोल ना! कुत्रीचं काय सांगतोस?" तो हसला. "माणसांचं तुम्ही कराल गं सगळं. ह्या दोघींचंच मला काही कळत नाही..." मी हो म्हटलं. अशा माणसाला नाही कोण म्हणतं?

त्याच आठवड्यात सकाळी लुर्दसचा फोन आला. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. "निघते," एवढंच म्हटलं. सप्टेंबर नुकताच लागला होता. बदकांचा सीझन उघडायला अजून काही आठवडे होते, आणि त्याला तो एक सीझन हवा होता. देवाकडे दुसरं काही मागत नव्हता तो. तेवढंही मिळालं नाही. चर्चमध्ये मला सगळे सांगतात, देवाची इच्छा, रोझी, देवाची इच्छा. असेल बाबा. मला ती इच्छा आवडलेली नाही, आणि हे मी फादरांनासुद्धा तोंडावर सांगितलंय.

आता बदकांचा सीझन म्हणजे काय ते सांगायला हवं. कारण आमच्यातल्या कित्येकांना अजून वाटतं की कॉम्प्युटरवर काम करणारा, रविवारी कॉयरमध्ये गाणारा पास्कू बंदूक घेऊन चिखलात जायचा, ही मी रचलेली गोष्ट आहे. वसईला आमच्या बाबांकडे एक ठासणीची बंदूक होती. थंडीत खाडीकाठच्या खाजणात बदकं उतरत. त्या काळी कोणी फारसं विचारत नसे. बाबा बांधावर बसायचे, आणि पक्षी पडला की कमरेएवढ्या चिखलात उतरून तो घेऊन यायचं काम पास्कूचं. एकदा ह्या शहाण्याने पक्षी दातांत धरून आणला, दोन्ही हात पाठीमागे! बाबांनी एक ठेवून दिली, आई "जेजू मारी" करत त्याचं तोंड धूत बसली, आणि मी पिसं उपटता उपटता हसून लोळले. "बाबांचा कुत्रा मीच होतो," असं तो इथे ऑफिसात गोऱ्या लोकांना सांगायचा. त्यांना काय कळायचं देव जाणे.

कॅनडात आल्यावर कितीतरी वर्षं बंदुकीचं नाव नव्हतं. नोकरी, घर, स्नो शोव्हल करणं, मुलीचं पियानो, मुलीचं स्विमिंग. मग किचनरबाहेरच्या एका शेतकऱ्याशी ओळख झाली, कार्लशी. कार्लच्या शेतामागे मोठी पाणथळ आहे, कडेने उंच उंच पाणकणसं. पास्कूने रीतसर कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन काढलं आणि पन्नाशीच्या तोंडावर पुन्हा चिखलात उतरला. कार्लकडे तेव्हा दोन शिकारी कुत्रे होते, गोठ्याच्या बाजूला जाळीच्या खोलीत राहणारे. त्याचं मत पक्कं होतं. बंदुकीचा कुत्रा घरात घ्यायचा नाही. घरात दहा माणसं दहा तऱ्हांनी हाका मारतात, मुलं बॉल फेकतात, बायका बिस्किटं देतात, आणि कुत्रा कामातून जातो. कार्ल हे इंग्रजीत सांगायचा, मी आपलं मराठीत लिहिते. वाईट माणूस नाही तो. त्याच्याकडचे कुत्रे सुखी होते, पण ती त्याची अवजारं होती, फावड्यासारखी, आणि तोही ते लपवायचा नाही.

आणि इकडे घरात काय? अलीनाला लहानपणापासून कुत्रा हवा होता. लुर्दसला लहानपणापासून कुत्रा नको होता. पास्कूला हवा होता बंदुकीचा कुत्रा. तिघांनी मिळून शेवटी रेस्क्यूमधून, म्हणजे टाकलेल्या कुत्र्यांना सांभाळणाऱ्या संस्थेतून, टॉफी आणली. तिथल्या बाईने आधीच बजावलं होतं, ही उत्तरेकडून आलीये, कोणा शिकाऱ्याने टाकून दिलेली दिसते, कारण आवाजाला भिते. दार आपटलं तरी जागच्या जागी मुतते. बंदुकीला हिचा उपयोग शून्य. पास्कू म्हणाला, चालेल. मी फोनवर झाडलं त्याला, "अरे, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच! ज्याने टाकली त्याने काय उगाच टाकली?" तर म्हणतो, "बाय, शेपूट सरळ करायचंच नाहीये मला. शेपूट हलवत काम करायला शिकवायचंय."

आणि शिकवलं, देवाशपथ. टॉफीचं जेवण बेसमेंटमध्ये असायचं. ती खायला लागली की लुर्दसने वर किचनमध्ये टोपावर झाकण आपटायचं. आधी हळू, दार लावून. मग दार उघडं ठेवून. मग जिन्याच्या वरच्या पायरीवरून. मग दोन पायऱ्या उतरून. जिला कुत्रं नको होतं ती बाई रोज संध्याकाळी ऑफिसचे कपडेही न बदलता जिन्यात उभी राहून टोप वाजवायची! शेजारच्या पंजाबी बाईने एकदा कुंपणावरून विचारलं, "भाभीजी, घर में सब ठीक है ना?" पुढे कार्लच्या शेतात लांबून टिकल्यांचं पिस्तूल, मग त्याहून लांबून खरी बंदूक, प्रत्येक आवाजाला खाऊ. एक हिवाळा गेला, एक उन्हाळा गेला. आणि एक दिवस बंदूक वाजली तेव्हा टॉफी पळाली नाही. तिने आभाळाकडे पाहिलं. मी तेव्हा वेअरहाऊसमध्ये पॅकिंगच्या लाइनवर, सुपरवायझर डोळे वटारतोय, आणि फोनवर हा एवढा मोठा घोडा रडतोय की कुत्री पळाली नाही. "बाय, तिने वर बघितलं गं... वर बघितलं तिने." मीही रडले मग. का ते विचारू नका.

आवाजाची भीती गेली, पण कार्लचा प्रश्न राहिलाच होता. घरची आणि कामाची अशी एकच कुत्री कशी ठेवायची? लुर्दस तर स्पष्ट म्हणायची, "धोबी का कुत्ता होणार हिचा, ना घर का ना घाट का." त्यावर पास्कूने जो उपाय काढला तो नीट सांगते, कारण पुढे सगळं त्याच्यावरच येऊन ठेपलं. गळ्यात लाल पट्टा आणि घुंगरू असलं की टॉफी घरची. तेव्हा तिने सोफ्यावर चढावं, अलीनाच्या पलंगावर झोपावं, जेवताना मांडीवर डोकं ठेवून भीक मागावी, कोणीही तिला बिस्किट द्यावं. पट्टा काढला की ती कामावर. मग तिला कोणी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, खायला द्यायचं नाही. आणि तीही मग घेत नसे. तेव्हा फक्त शिट्टी. एका शिट्टीला बसायची आणि बसली की बसली. समोर बदक पडो, ससा पळो, सांगितल्याशिवाय उठायची नाही. काम संपलं की पास्कू वाकून तिला पट्टा घालायचा आणि म्हणायचा, "चला बाई, सुट्टी." घुंगरू वाजलं की ती अंग झाडायची, आणि मग जेवण. आधी पट्टा, मग जेवण. हा क्रम त्याने एकदाही मोडला नाही.

अलीना टॉफीच्या नखांना जांभळं नेलपॉलिश लावायची. दुसऱ्या दिवशी जांभळ्या नखांची टॉफी कार्लच्या पाणथळीतून बदक घेऊन यायची, तोंडात इतकं अलगद धरून की एक पीस मोडलेलं नसायचं. कार्लने पहिल्यांदा ती नखं बघितली तेव्हा टोपी काढून डोकं खाजवलं म्हणे. मागच्या सीझनला तर त्याने कबूलच केलं की असं कुत्रं त्याने पाहिलेलं नाही. त्या ख्रिसमसला लुर्दसने बदकाचं इंद्याल केलं होतं, आमच्याकडचा आंबट-तिखट रस्सा. पास्कू ताटावर बसून एकेक घास खाताना टॉफीकडे बघत होता आणि टॉफी, गळ्यात घुंगरू, टेबलाखालून अलीनाच्या हातचं चाटत होती. इतकं सुखी माणूस मी कमी बघितलंय. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

जानेवारीत पोटात दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी, मग अल्सर असेल, मग स्कॅनची तारीख, मग पुढची तारीख. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टरीणबाई चांगली होती, वयाने लहान, तिने लुर्दसचा हात धरून सगळं सांगितलं, आणि सगळ्याचा अर्थ एकच होता. केमो चालू झाली. तरी तो टॉफीला घेऊन मागच्या मैदानावर जायचाच. कापडी गुंडाळी फेकायची, टॉफीने बसून राहायचं, सांगितलं की आणायची, पुन्हा फेकायची. चार-पाच वेळा फेकलं की गवतात बसायचा. "हा सीझन काढतो," म्हणायचा, "मग बघू." एकदा मी विचारलं, "अरे, एवढी मेहनत कशाला आता?" म्हणाला, "कामाची कुत्री माझ्याबरोबर संपेल. घरची कुत्री पोरीजवळ राहील. म्हणून तर दोन करून ठेवल्यात." मला ते पटलं होतं. शहाणा माणूस, विचार करून बोललाय असंच वाटलं. आम्हाला कोणालाच कळलं नाही की त्याने दोन कुत्र्या केलेल्याच नव्हत्या.

मातीला खूप लोक आले. टोरंटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा, जिथे जिथे वसईकर आहेत तिथून. नंतर रोज संध्याकाळी घरी जपमाळ. खुर्च्या कमी पडल्या, लोक जिन्यावर बसले, बेसमेंटमध्ये जेवणाचे ट्रे. सगळ्या बायका काळ्या कपड्यांत. लुर्दस तर सोफ्याच्या कोपऱ्यात अशी बसली होती की कपडेच तेवढे आहेत. अलीना खोलीतून बाहेर येत नव्हती. आणि ह्या सगळ्यात टॉफी घुंगरू वाजवत फिरत होती, कधी ह्याच्याकडे, कधी त्याच्याकडे. मार्सलीन मावशीला ते बघवलं नाही. मावशी म्हणजे आमच्या आईची चुलत बहीण, ऐंशीला टेकलेली, जपमाळ तीच सांगायची. "घरात दुखवटा," ती म्हणाली, "आणि कुत्रीच्या गळ्यात लाल पट्टा न् घुंगरू? लग्न आहे का इथे?" कोणी काही बोलायच्या आत तिने पट्टा काढून आपल्या पर्समध्ये टाकला, तिथलीच एक काळी फीत काढली आणि टॉफीच्या गळ्यात मऊ गाठीने बांधली. डोक्यावरून हात फिरवला. "तुझा पण बाबा गेला ना गं," म्हणाली. आम्ही सगळ्याच रडलो. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं होतं. वसईला दुखवट्यात अंगावर रंग ठेवत नाहीत, आणि कोणीतरी कुत्रीलासुद्धा घरच्यांत धरलं होतं.

टॉफी त्या क्षणापासून बदलली. हिंडणं बंद. पास्कूचा फोटो आणि मेणबत्ती ठेवलेल्या टेबलाजवळ ती जाऊन बसली, ताठ, मान वर. आडवी पडेना. कोणी बिस्किट पुढे केलं तर तोंड फिरवायची. वाडगा भरलेला तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही तसाच. लोक तिच्याकडे बघून रडायचे. फादर आले, त्यांनी प्रवचनात तिचं नाव घेतलं, मुकं जनावर आपल्याला प्रेम शिकवतं म्हणाले. कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेले. मी स्वतः तिच्यासमोर बसून इंद्यालातलं मांस धुऊन, तुकडे करून हातावर धरलं. "खा गं बाई, तुझ्या मालकाने मला सांगितलंय तुला बघायला." तिने माझ्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. दाराकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी तिचे मागचे पाय थरथरायला लागले तेव्हा लुर्दस पहिल्यांदा बोलली. "हीपण जाणार आता." एवढंच.

संध्याकाळी जपमाळेच्या मधेच अलीना खाली आली. पाणी प्यायला आली असावी. जिन्यातल्या लोकांतून वाट काढत खाली उतरली, टॉफीकडे तिची नजर गेली आणि ती थांबली. "हू टुक हर कॉलर ऑफ?" जपमाळ थांबली. पोर ओरडली, "हू टुक हर कॉलर ऑफ!" मावशी घाबरून म्हणाली, "अगं, दुखवटा आहे ना बाळा..." तर अलीना हसायला लागली. हसता हसता तिला रडू फुटलं. "ओ माय गॉड, शी इज वर्किंग! आत्या, शी इज नॉट सॅड, शी इज वर्किंग!"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. पट्टा काढला होता. तिला कोणी सांगितलं नव्हतं की सुट्टी झाली. एवढी माणसं, एवढा आवाज, आणि ती शिट्टीची वाट बघत होती. मावशीने पर्समधून पट्टा काढून दिला. अलीनाने काळी फीत सोडली, पट्टा घातला. "चला बाई, सुट्टी," ती म्हणाली, मराठीत, अगदी बापाच्या सुरात. टॉफीने अंग झाडलं. घुंगरू वाजलं. मग ती उठून वाडग्याकडे गेली आणि सगळं खाल्लं, पाणी प्यायली, आणि मावशीच्याच पायांवर आडवी होऊन झोपली. मावशीने जपमाळ पुढे चालू केली, पण तिचा आवाज चिरकत होता. आम्ही तीन दिवस जिच्या दुःखाने रडलो तिला दुःख नव्हतंच. होतं की नव्हतं कोण सांगणार... पण आम्ही ज्याला दुःख म्हटलं ती तिची नोकरी होती.

मला वाटलं, चला, उलगडा झाला, कुत्री वाचली, पोरीनेच वाचवली, आता दोघींचं जमेल. कसलं काय! त्या दिवसापासून अलीना तिच्यापासून लांब झाली. टॉफी मांडीवर डोकं ठेवायला गेली की पोर उठून जायची. खोलीचं दार लावून घ्यायची. पास्कूला महिना झाला तेव्हाच्या चर्चमधल्या मिस्सेला मी गेले तेव्हा तिला धरूनच बसवलं. "काय झालंय गं तुला? तुझ्या पप्पांनी तुझ्यासाठी ठेवलीये ना ती?" तिने सांगितलं, इंग्रजीत, खाली मान घालून. पट्टा घातला म्हणून ती माझ्याशी छान वागते, आत्या. पट्टा घालणंसुद्धा पप्पांनीच शिकवलंय. मला वाटायचं, कामावर ती पप्पांची आणि घरी माझी. ती घरीपण त्यांचीच होती. शी वॉज जस्ट ऑन ब्रेक. मी भांडले. "अगं, माणसंपण अशीच असतात! सुट्टी असली की प्रेम, नसली की नाही. म्हणून काय आपण माणसं टाकतो?" ती म्हणाली, "आय नो, आत्या." ह्या पोरांचं "आय नो" म्हणजे दार लावून घेणं असतं.

पास्कूची बंदूक घरात ठेवायची नव्हती. लुर्दसकडे लायसन नाही. कागदपत्रं करून ती कार्लने घ्यायची असं ठरलं, आणि ऑक्टोबरात एका शनिवारी तो ट्रक घेऊन आला. मी त्या दिवशी तिथेच होते. कार्लने टोपी काढून लुर्दसशी हात मिळवला, बेसमेंटमध्ये गेला आणि बंदुकीची लांब पेटी घेऊन वर आला. पेटी दिसताच सोफ्यावर लोळत पडलेली टॉफी ताडकन उठली. कार्लकडे नाही गेली. अलीनाकडे गेली. तिच्यासमोर बसली आणि मान पुढे केली, लांब करून, हनुवटी वर. पट्टा काढ म्हणून.

मी म्हटलं, "अलीना, नको." लुर्दस म्हणाली, "राहू दे गं." पेटी हातात घेऊन कार्ल दारातच उभा राहिला, त्याला बिचाऱ्याला काही कळेना. टॉफीचं शेपूट जमिनीवर आपटत होतं. एवढी खूश ती महिनाभरात दिसली नव्हती. पोरीने तिच्या मानेत तोंड खुपसलं, किती वेळ तशी राहिली, आणि मग तिनेच बक्कल सोडलं. टॉफी उठली, कोणाकडे न बघता पेटीच्या मागे चालत गेली आणि ट्रकमध्ये चढून ताठ बसली. कार्ल म्हणाला, मी हे मागायला आलो नव्हतो. अलीना म्हणाली, आय नो. कुत्री दुसऱ्याकडे द्यायची तर रेस्क्यूला विचारावं लागतं, म्हणून तिथल्या बाईला फोन झाला, तिनेही कार्लला होकार दिला. मी पोरीवर ओरडले, लुर्दसवर ओरडले, कार्लवरही ओरडले असते, पण तो रडत होता. ट्रक गेला. पास्कूने माझ्याकडून एकच गोष्ट मागितली होती.

मागच्या आठवड्यात मी कार्लच्या शेतावर जाऊन आले. लुर्दस येणार नव्हती, अलीनाला मी विचारलंही नाही. मला बघायचं होतं, बस. टॉफी जाळीच्या खोलीत राहते. पेंढा स्वच्छ, पाणी स्वच्छ, अंगावर तजेला. पट्ट्याशिवाय जेवायलाही कार्लने शिकवलंय तिला. नखं साधी. कार्लने मला गमबूट दिले आणि आम्ही पाणकणसांच्या आड जाऊन बसलो. ती आमच्या पुढ्यात, गळा रिकामा, आभाळाकडे डोळे. मी होते तिला माहीत होतं. कान एकदा माझ्याकडे वळला होता. पण तिने मान वळवली नाही, आणि मी हाक मारली नाही. बदकं आली, बंदूक वाजली, एक पाण्यात पडलं. कार्लने सांगेपर्यंत ती हलली नाही. सांगितल्यावर गेली, पोहत गेली, बर्फासारखं पाणी कापत गेली आणि बदक घेऊन आली. पास्कू बघायला हवा होता. एवढं सुंदर काम होतं ते.

कार्लने डावा हात पुढे केला. टॉफीने दिलं नाही. ती त्याच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला, बंदुकीच्या बाजूला जाऊन बसली, तोंड वर करून. कार्लला बंदूक डाव्या हातात घ्यावी लागली, मग उजव्याने बदक घेतलं. "हीच एक खोड आहे," तो म्हणाला. "बाकी सोनं. मागच्या वर्षी नव्हती ही खोड, कुठे लागली कळत नाही."

मला कळलं. वसंतात पास्कूच्या डाव्या दंडात औषधाची नळी बसवली होती. तो हात त्याला जपावा लागायचा, कोणाचा धक्कासुद्धा चालायचा नाही. म्हणून उन्हाळाभर त्या मैदानावर तो सगळं उजव्या हाताने घ्यायचा, डावा छातीशी धरून. हे तिला त्याने शिकवलेलं नव्हतं. शिट्टी नाही, खाऊ नाही. तिनेच बघितलं असणार की त्या बाजूला दुखतंय, आणि ती आपली आपण दुसऱ्या बाजूने यायला लागली. हे काम नव्हतं आणि सुट्टीही नव्हती. हे त्या दोघांचंच काहीतरी होतं.

मी कार्लला सांगितलं. त्याने टोपी काढली. मग हळूच म्हणाला, "पण रोझ, बंदुकीच्या बाजूला कुत्रं येणं धोक्याचं आहे. एखाद्या दिवशी तिलाच लागेल. मोडावी लागेल ही सवय. मारणार नाही मी तिला, हळूहळू मोडेन."

"हो," मी म्हटलं. "मोडायलाच हवी." दुसरं काय म्हणणार होते? त्याचं खरं होतं.

त्याने बदक परत तिच्या तोंडात दिलं, बारीक शिट्टी वाजवली आणि तिला डाव्या बाजूला बसवलं. ती बसली. मग उठून उजवीकडे सरकली. त्याने पुन्हा आणून डावीकडे बसवली. ह्या वेळी ती सरकली नाही. तिथेच बसून डाव्या हातात तिने बदक दिलं, आणि कार्ल म्हणाला, "शाब्बास." पटकन शिकते ती. पास्कूनेच तशी केलीये तिला.